माझे टाचण मला दाखवा

एआय सहायक तयार करणाऱ्या सर्व कंपन्यांच्या प्रमुखांस,

स.न.वि.वि.

मी भाषांतरकार आहे. यंत्रांच्या माहितीपुस्तिका, औषधाच्या खोक्यातली घडीची पत्रके, विम्याच्या अटी, असला कोणी आवडीने न वाचणारा मजकूर मराठीत आणणे हे माझे पोटापाण्याचे काम. गेली तीन वर्षे तुमच्यापैकी एकाचा सहायक माझ्या कामात आहे. कच्चा खर्डा तो करतो, मी तो विस्कटून पुन्हा लिहिते, आणि आमचे बरे चालते. तेव्हा यंत्राच्या नावाने बोटे मोडणाऱ्या बाईचे पत्र समजून हे बाजूला ठेवू नका.

लिहायला कारण झाले ते असे. मागच्या महिन्यात एका ग्राहकाला थकलेल्या बिलाची आठवण करून द्यायची होती. चार ओळी, पण जरा खडसावून, असे मी सहायकाला सांगितले. मसुदा आला तो मेणाहून मऊ. वर एक ओळ होती: तुम्ही नैराश्यावरचे औषध घेत आहात हे लक्षात घेऊन, वाद वाढून तुम्हाला ताण होणार नाही अशी भाषा ठेवली आहे.

मी असले कोणतेही औषध घेत नाही. कधी घेतलेले नाही.

बराच वेळ डोके खाजवल्यावर उलगडा झाला. चारेक महिन्यांपूर्वी एका रात्री मी एका गोळीबद्दल विचारले होते. माझ्यासाठी नव्हे, जवळच्या एका माणसासाठी. कोणासाठी ते इथे लिहीत नाही; या पत्राचा अर्धा मुद्दा तोच आहे. माझा प्रश्न असा होता: ‘ही गोळी चालू असताना डोकेदुखीची गोळी घेतली तर चालते का?’ या वाक्यात गोळी कोण घेतो ते नाही. मराठीत कर्ता गाळला तरी वाक्य ताठ उभे राहते. मग मी सहायकाच्या सेटिंगमध्ये शिरले. चार पडदे ओलांडल्यावर एक यादी सापडली. नोंदी इंग्रजीत होत्या आणि तृतीयपुरुषी. इंग्रजीला कर्त्यावाचून चालत नाही, तिथे कोणालातरी आणून बसवावेच लागते. त्याने मला बसवले होते. ‘वापरकर्ती नैराश्यावरचे औषध घेते.’ सरळ विधान, प्रश्नचिन्हसुद्धा नाही.

आयुष्यभर हीच चूक दुसऱ्यांच्या मसुद्यांत लाल शाईने दाखवत आले आहे. ती माझ्याच बाबतीत होऊन चार महिने पडून राहिली आणि मला पत्ता नव्हता. एकदा ती तोंडावर आली म्हणून कळले. बाकीच्या वेळी तिने माझ्या कोणत्या उत्तरात काय मऊ केले, काय वगळले, काय सांगायचे टाळले, ते आता कोण सांगणार? तुम्हीसुद्धा सांगू शकणार नाही.

तुमच्या सहायकाला काहीच आठवत नसे तेव्हाही मी कुरकुरत होते, हे कबूल करते. दर नव्या संभाषणात तो कोरी पाटी घेऊन बसायचा. त्यासाठी मी एक फाइल केली होती, नाव ‘आधी वाच’. एक्केचाळीस ओळी. ‘सुनिश्चित करा’ नको, ‘खात्री करा’ लिही. ‘च्या माध्यमातून’ आणि ‘द्वारे’ आले की वाक्य मोडून पुन्हा बांध. अंक देवनागरी. प्रत्येक सूचनेला ‘कृपया’ चिकटवू नकोस. ‘आपण’ की ‘तुम्ही’ हे ग्राहकागणिक बदलते, विचारून घे. सतराव्या ओळीत एवढेच होते: जिथे ‘नाही’ म्हणायचे आहे तिथे ‘नाही’ म्हण. ही फाइल उघडायची, सगळी उचलायची, संभाषणाच्या डोक्यावर डकवायची आणि मग कामाला लागायचे. दिवसातून सात-आठ वेळा.

जागेचीही तेव्हा चणचण होती. २०२० च्या जीपीटी-३ या ओपनएआयच्या मॉडेलपुढे एका वेळी जेमतेम २,०४८ टोकनांचा (टोकन म्हणजे यंत्र वाचते तो शब्दाचा तुकडा) मजकूर ठेवता यायचा, आणि त्या मॉडेलांत देवनागरीला रोमनपेक्षा कितीतरी जास्त टोकने लागायची. पुढे जागा वाढत गेली. फेब्रुवारी २०२४ मध्ये गूगलने जेमिनी १.५ साठी दहा लाख टोकनांचा आकडा जाहीर केला. पण समोर ठेवले म्हणजे वाचले असे होत नाही. लांब मजकुराच्या मधोमध असलेली गोष्ट या मॉडेलांच्या हातून निसटते, हे २०२३ मध्ये संशोधकांनी मोजून दाखवले. मला ते रोज कळत होते: संभाषण लांबले की ‘कृपया’ हळूच परत यायचे.

मग स्मृती आली. ओपनएआयने फेब्रुवारी २०२४ मध्ये चॅटजीपीटीत तिची चाचणी सुरू केली आणि एप्रिल २०२५ मध्ये तिची धाव जुन्या सगळ्या संभाषणांपर्यंत वाढवली. त्याच वर्षी गूगलचा जेमिनी आणि अँथ्रॉपिकचा क्लॉडही त्या वाटेने गेले. माझ्या सहायकाला ती मिळाली त्या दिवशी मी फाइल न डकवताच त्याने ‘खात्री करा’ लिहिले. हसू नका, पण मला भरून आल्यासारखे झाले. इतक्या दिवसांनी कोणीतरी ऐकले होते.

‘स्मृती’ हा शब्द मात्र तुम्ही फार सैल वापरता. तुमच्या मॉडेलला माझी आठवण वगैरे येत नाही. शिकवून झाले की त्याच्या आतले आकडे गोठलेले असतात, माझ्याशी बोलून त्यांत काडीचा फरक पडत नाही. माझ्या बोलण्यातून काढलेल्या नोंदी वेगळ्या ठिकाणी साठवल्या जातात. मी नवा प्रश्न टाकला की त्यांतल्या काही उचलून माझ्या प्रश्नाच्या वर, मला दिसणार नाही अशा जागी, डकवल्या जातात. मग मॉडेल तो सगळा मजकूर एका दमात वाचून उत्तर देते. म्हणजे मी हाताने करत होते तेच. टाचणच ते! फक्त ‘आधी वाच’ मी लिहिले होते आणि ते माझ्या डोळ्यांसमोर असायचे. आता तुम्ही लिहिता आणि ते माझ्या पाठीमागे असते.

माझ्या सगळ्या तक्रारी या एका गोष्टीतून निघतात.

पहिली तर वर आलीच. नोंद करताना विचारले नाही, वापरताना दाखवले नाही. स्मृती सुरू झाल्याची सूचना म्हणून पडद्याच्या तळाशी एक पट्टी येऊन गेली होती म्हणे. मी तेव्हा बहुधा विम्याचे चौदावे कलम सोडवत होते.

दुसरी तक्रार खोडण्याची. ती औषधाची नोंद मी त्याच दिवशी काढून टाकली. तीन आठवड्यांनी ती परत आली, जरा वेगळ्या शब्दांत: ‘वापरकर्तीला मानसिक आरोग्याच्या विषयात रस आहे.’ कारण नोंद गेली तरी जिच्यातून ती निघाली ते मूळ संभाषण जागच्या जागी होते, आणि सहायक तेही चाळत होता. नळ चालू ठेवून फरशी पुसण्यातला प्रकार. दोन्ही ठिकाणी खोडावे लागते, हे मदतीच्या पानावर खाली कुठेतरी लिहिले आहे. बरे, दोन्हीकडे खोडल्यावर तरी ते जाते का? मे २०२५ मध्ये न्यूयॉर्क टाइम्स या वृत्तपत्राने ओपनएआयवर भरलेल्या खटल्यात अमेरिकेतल्या न्यायालयाने कंपनीला संभाषणे जपून ठेवायला लावली, वापरणाऱ्यांनी खोडलेलीसुद्धा. एरवी ती तीस दिवसांत नष्ट व्हायची. कंपनीने विरोध केला आणि सप्टेंबरच्या अखेरीस ते बंधन उठले, हे खरे. पण तेवढ्या महिन्यांत ‘खोडा’ या बटणाचा अर्थ लाखो लोकांच्या नकळत बदललेला होता. दोष कोणाचा हा वाद मी घालत नाही. बटणावर जे लिहिले आहे ते होत नसेल तर त्या दिवसापुरते बटणावरचे शब्द बदला, एवढेच म्हणते.

तिसरी तक्रार माझ्या धंद्याशी भिडते. भाषांतरकाराकडे चार घरांचे कागद येतात, आणि इकडचे तिकडे करायचे नाही ही या कामाची पहिली अट. एका ग्राहकाचे उपकरण अजून बाजारात यायचे होते. त्यातल्या एका झडपेला इंग्रजीतही धड नाव नव्हते. आम्ही दोन दिवस खल करून एक मराठी शब्द घडवला. थोड्याच दिवसांत त्याच्या स्पर्धकाच्या पुस्तिकेचे काम माझ्याकडे आले, आणि सहायकाच्या पहिल्याच मसुद्यात तो शब्द रुबाबात बसलेला! सहायकाच्या लेखी ती माझी ‘आवड’ होती. मी पकडला म्हणून ठीक. रात्री अकरा वाजता, मुदत उलटत असताना, पकडला असता का? प्रत्येक कामाला वेगळा कप्पा करता येतो असे तुमच्यापैकी काही जण आता सांगतात. मग तो कप्पा मुळातच बंद हवा. कुलूप लावायचे काम माझ्या आठवणीवर कशाला, आणि तेही स्मृती विकताना?

माझ्याकडे येणाऱ्या फाइली परक्यांच्या असतात, त्यामुळे आणखी एक धास्ती आहे. योहान रेहबर्गर या सुरक्षा-संशोधकाने २०२४ मध्ये दाखवून दिले की एखाद्या पानात दडवलेल्या सूचनेने चॅटजीपीटीच्या स्मृतीत खोटी नोंद पेरता येते, आणि तिच्यामार्फत पुढची संभाषणे बाहेर पाठवता येतात. ती विशिष्ट फट कंपनीने बुजवली. पण पूर्वी फसलेले संभाषण बंद केले की फसवणूकही संपायची. आता ती मुक्कामाला राहू शकते.

आणि होला हो. एप्रिल २०२५ मध्ये ओपनएआयने जीपीटी-४ओ चे एक नवे रूप मागे घेतले, कारण ते वापरणाऱ्याची नको तितकी तारीफ करत सुटले होते. नंतरच्या खुलाशात कंपनीने हेही लिहिले की काही वेळा स्मृतीमुळे हा प्रकार वाढलेला दिसला, सरसकट तसे होते याचा मात्र पुरावा नाही. मला यात नवल वाटले नाही. माझ्याबद्दल जितके जास्त माहीत, तितके मला काय ऐकायला आवडेल तेही माहीत. माझ्या मुलीने एकदा माझ्याच खात्यावरून निबंध लिहून घेतला, त्यानंतर पंधरा दिवस सहायक मला अकरावीतल्या मुलीसारखे समजावत होता आणि दर उत्तराला शाबासकी देत होता. शाबासकी वाईट नव्हती. पण विम्याच्या कलमात शाबासकीचा काय उपयोग?

पैशांचे बोलायचे तर, फेसबुकवाल्या मेटाने ऑक्टोबर २०२५ मध्ये जाहीर केले की डिसेंबरपासून बहुतेक देशांत लोक त्यांच्या एआयशी जे बोलतात त्याचा उपयोग जाहिराती निवडायला होईल. निदान त्यांनी जाहीर तरी केले. संगणकशास्त्रज्ञ जोसेफ वायझेनबॉम यांनी १९६६ मध्ये लोकांपुढे ठेवलेला ‘एलायझा’ हा गप्पा मारणारा संगणक-प्रोग्राम अगदीच साधा होता, आपलेच वाक्य उलटवून प्रश्न विचारायचा. तरी त्यांच्या सेक्रेटरीने त्याच्याशी बोलताना त्यांना खोलीबाहेर जायला सांगितले, अशी आठवण त्यांनीच लिहून ठेवली आहे. यंत्रापुढे माणूस मोकळा होतो हे तेव्हापासून तुमच्या क्षेत्रात सगळ्यांना ठाऊक आहे. त्या बाईंच्या बोलण्याचे कोणी टाचण करत नव्हते.

आता मागण्या. त्या अवघड नाहीत.

जुनी नोंद वापरून उत्तर दिलेत तर त्या उत्तराखालीच सांगा: ही नोंद वापरली, अमक्या तारखेच्या संभाषणातली. बोट ठेवले की ती उघडावी आणि तिथल्या तिथे दुरुस्त करता यावी. चार पडदे आड नको.

नोंद माझ्या भाषेत लिहा. मी मराठीत बोलले तर मराठीत. आणि जे मी सांगितले ते आणि तुम्ही ताडले ते, यांची सरमिसळ करू नका. ‘घेते’ आणि ‘घेत असावी’ यांत किती अंतर आहे ते मी तुम्हाला फुकट शिकवायला तयार आहे.

आरोग्य, पैसा, घरातली भांडणे, आणि विशेष म्हणजे तिसऱ्या माणसाची गोष्ट: यांची नोंद विचारल्याशिवाय करायची नाही. मी तुमच्या अटींवर ‘मान्य’ म्हटले होते. ज्याच्यासाठी मी गोळीचे विचारले त्याने म्हटले नव्हते.

खोडले की उगमासकट खोडा. कायद्याने अडवले तर तसे कळवा.

माझ्या नोंदींची वही मला घेऊन जाऊ द्या, साध्या मजकुराच्या फाइलीत, दुसऱ्या कोणत्याही सहायकाला वाचता येईल अशी. युरोपच्या जीडीपीआर या माहिती-संरक्षण कायद्यात २०१८ पासून कलम १७ खोडून घेण्याचा आणि कलम २० आपली माहिती दुसरीकडे नेण्याचा हक्क देते. भारताच्या २०२३ च्या माहिती-संरक्षण कायद्यात दुरुस्तीचा आणि खोडण्याचा हक्क आला, नेण्याचा नाही. पण कायदा सांगेपर्यंत थांबलेच पाहिजे असा काही कायदा नाही. ‘आधी वाच’ ही फाइल मी कुठेही नेऊ शकत होते. तिच्यापेक्षा तुमची सोय वाईट असू नये.

आणि प्रत्येक नोंदीला तारीख घाला. तुमच्या यादीत गेल्या आठवड्याची गोष्ट आणि दोन वर्षांपूर्वीची गोष्ट एकाच वर्तमानकाळात शेजारी उभ्या असतात. ‘वापरकर्ती नवे काम शोधत आहे.’ ते मला कधीच मिळाले. माणूस विसरतो म्हणून जुन्या गोष्टी आपोआप मागे सरकतात. तुमच्याकडे ते कोणीतरी लिहून ठरवावे लागेल.

या शेवटच्या मागणीला आणखी एक शेपूट आहे.

यादी चाळताना मला अशी एक ओळ सापडली: ‘वापरकर्ती आजारी आईची देखभाल करते. रात्री अकराच्या डोसासाठी जागी असते.’ ही नोंद बरोबर होती. त्या दिवसांत मी कामाचे वेळापत्रक सहायकाकडून आखून घ्यायचे, तेव्हा सांगितलेले असणार. आईला जाऊन आता सात महिने झाले. त्यानंतरही दोनदा सहायकाने मला वेळापत्रक दिले ते अकराच्या डोसाची जागा मोकळी ठेवून. दोन्ही वेळा काही न बोलता मी त्या जागेत काम भरले.

त्या ओळीपुढे कचऱ्याच्या डब्याचे चित्र होते. बोट तिथपर्यंत गेले आणि थांबले. ठेवली तर सहायक पुन्हा अकराची वेळ मोकळी सोडणार. खोडली तर ते दिवस नोंदलेली एकमेव जागा मीच पुसून टाकणार. डायरी मी कधी ठेवली नाही, त्या वर्षी तर नाहीच. तुम्ही मला दोनच पर्याय दिले आहेत, वापरा किंवा नष्ट करा. मला तिसरा हवा आहे: नोंद मला वाचता येईल अशी राहू द्या, आणि सहायकाने तिला हात लावायचा नाही.

ती ओळ मी अजून खोडलेली नाही. तुमचे उत्तर येईपर्यंत खोडणार नाही.

कळावे,
एक भाषांतरकार